मुक्काम करंजपाडा, कॉम्प्लेक्समागे

अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "सिस्टर, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हटलं. लिहायला बसले आणि दोन पानांतच लक्षात आलं, की गमती सगळ्या आधीच्या वर्षांतल्या आहेत. शेवटची पाच वर्षं आठवली की डोकं सणकतं. तेव्हा संपादकबाई, माफ करा. तुम्ही चकली मागितलीत आणि मी ठेचा पाठवतेय.

मी एएनएम होते, म्हणजे उपकेंद्रातली नर्स. डॉक्टर असतात ते आरोग्य केंद्र. त्याच्या खालचं, गावातलं, दोन खोल्यांचं आणि एका गळक्या टाकीचं जे असतं ते उपकेंद्र. तिथं डॉक्टर नसतो, मी असते. बाळंतपणं, लसी, लोहाच्या गोळ्या, तापवाल्यांच्या बोटाला सुई टोचून रक्त घेणं, आणि सर्वे. सर्वे म्हणजे वर्षातून एकदा हद्दीतल्या प्रत्येक दारात उभं राहायचं आणि विचारायचं: घरात माणसं किती, गरोदर कोण, लहान मूल किती महिन्यांचं, जात कुठली, भाषा कुठली, मूळ गाव कुठलं. त्यामुळे गावात कोण आलं, कोण गेलं, हे सरपंचाच्या आधी मला कळायचं. सरपंच फक्त मतदार मोजतो, मी पोटातलेही मोजायचे.

माझं माहेर चिखल्याचं, मच्छीमारांच्या घरातलं. आईनं बोंबील वाळवून मला नर्सिंगला पाठवलं. पहिली नोकरी सायवनच्या अंगाला, जंगलात. मग बदल्या होत होत शेवटचं उपकेंद्र मिळालं ते डहाणू स्टेशनपासून चार-पाच किलोमीटरवर. सगळे म्हणाले, "नशीबवान आहेस, शहराजवळ आलीस." मलाही तसंच वाटलं होतं.

२०१४ साली माझ्या हद्दीत वारल्यांचे तीन पाडे होते, थोडी माळ्यांची घरं, एका इराण्याची चिकूची वाडी आणि रस्त्याला लागून दहा-बारा दुकानं. पाड्यात वारली बोलत, दुकानात गुजराती, आणि माझ्याशी सगळे आपापल्या परीनं मराठी. मुंबईची गाडी डहाणूपर्यंत यायला लागली होती आणि जमिनीच्या दलालांचे पांढरे बूट रस्त्यावर दिसायला लागले होते. उपकेंद्राच्या समोरच, रस्त्यापलीकडे, गवताचं मोठं रान होतं. सर्वेच्या वेळी पाहिलं तर तिथं पत्रे ठोकलेले. पत्र्यांवर निळ्या पाण्याचं चित्र आणि समुद्राच्या नावावरून काहीतरी इंग्रजी नाव. समुद्र तिथून फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर दिसतो. ते नाव कोणाच्याच तोंडात बसलं नाही. सगळे म्हणायला लागले 'कॉम्प्लेक्स'.

दोन वर्षांत दोन इमारती भरल्या. बोरिवलीतून रिटायर होऊन आलेले मराठी, वापीला नोकरी करणारे गुजराती, सुरतचे मारवाडी, दोन तमिळ कुटुंबं, एक बंगाली मास्तर. तिसऱ्या इमारतीचं काम चालू, आणि तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत ती बांधणारे: बिहारचे, ओडिशाचे, झारखंडचे. माझ्या रजिस्टरमधल्या जातीच्या आणि भाषेच्या रकान्यात जी नावं यायला लागली ती मी जन्मात ऐकली नव्हती. पाड्यांतली माणसं पूर्वी हद्दीतली बहुतेक सगळी असत. बघता बघता ती निम्म्याच्या खाली आली. एकही मेलं नव्हतं, एकही उठून गेलं नव्हतं. नुसते बाकीचे वाढले.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतील. माणसं आली याचा मला राग नाही. माणसं येणारच. मला सहा महिने तलासरीकडच्या एका उपकेंद्राचा जादा चार्ज होता. तिथं हायवेलगतच्या एका चाळीत आठ खोल्या आणि भाषा किती ते मला अजून सांगता येणार नाही. एक ओडिया मुलगी, आठवा महिना, मला काही सांगत होती आणि मला कळत नव्हतं. शेवटी तिनं माझा हात धरून आपल्या पायावर ठेवला. सूज. रक्तदाब मोजला तर पारा भलताच वर. शेजारच्या खोलीतली भोजपुरी बाई, तिच्या पलीकडची गुजराती बाई आणि मी, अशा तिघींनी मिळून तिच्या नवऱ्याला पटवलं आणि त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेलं. ती वाचली. त्या चाळीत चहा पिताना मला कधी परकं वाटलं नाही. माझा राग आलेल्यांवर नाही. आल्यावर जे मालक झाले आणि आधी असलेल्यांना पाहुणे करून टाकलं, त्यांच्यावर आहे. आणि त्यात माझाही हात आहे, म्हणून तो जास्त आहे.

कॉम्प्लेक्समधला माझा पहिला तंटा खडूवरून झाला. पोलिओच्या वेळी ज्या घरातल्या सगळ्या मुलांना डोस झाला त्याच्या दारावर आम्ही खडूनं खूण करतो. पाड्यातल्या बायका शेणानं भिंत सारवताना ती खूण वगळून बाजूनं सारवतात. सरकारचं काहीतरी आहे, राहू दे, म्हणून. कॉम्प्लेक्समध्ये मी सातव्या मजल्यावरून खाली उतरेपर्यंत खालच्या मजल्यांवरच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसलेल्या. सेक्रेटरी देसाईसाहेब लिफ्टपाशी उभे. देसाई हे आडनाव मराठीही असतं आणि गुजरातीही, आणि साहेब दोन्ही भाषा सारख्याच गोड बोलत. म्हणाले, "सिस्टर, दारं टीकवूडची आहेत हो. तुम्ही आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खूण टाका ना." एका बाईंनी मला लसीची कंपनी विचारली, एकीनं दारातच हाताला सॅनिटायझर लावायला लावलं, आणि एक आजोबा रोज खाली येऊन फुकट रक्तदाब तपासून घेत आणि रोज सांगत की तुमचं यंत्र बिघडलेलं आहे. ह्या झाल्या गमती. इथवर मी हसत होते.

आता करंजपाडा. कॉम्प्लेक्सच्या पाठीमागे, रानाच्या पलीकडच्या टोकाला हा पाडा. वीस-पंचवीस घरं, कुडाची, काही विटांची. जमीन एका जुन्या वाडीमालकाच्या नावावर. घरं मात्र त्याच्या आज्याच्या काळापासूनची. पाड्यातली आशा कार्यकर्ती होती साखू. आशा म्हणजे गावातलीच बाई, जी गरोदर बायकांना माझ्यापर्यंत आणते. साखू माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आठवीपर्यंत शिकलेली, चालायला वाऱ्यासारखी. वारली बोलीत 'तुम्ही' फारसं नाहीच. साखू मला तू म्हणायची, डॉक्टरांना तू, एकदा जिल्ह्याचे मोठे अधिकारी आले तर त्यांनाही, "तू बस ना, उबा कशाला?" सुरुवातीला मला चमकायला व्हायचं. नंतर मला त्याच्याइतकं सभ्य काही वाटेना.

करंजपाड्याहून उपकेंद्रात यायची एकच वाट. रान तिरकं ओलांडून थेट रस्त्यावर, दहा मिनिटांत. दुसरी वाट ओहोळाच्या कडेनं, तीन किलोमीटरचा वळसा, आणि पावसाळ्यात ओहोळ भरला की तीही बंद. रानाचं कॉम्प्लेक्स झालं तेव्हा बिल्डरनं वाट तशीच ठेवली होती, कारण त्याचे मजूरही तिचा वापर करत. इमारती भरल्यावर कमिटी झाली. या कमिटीत पाणी, पार्किंग, गणपती की नवरात्र, कशावरही कधी एकमत झालं नाही. मराठी एका बाजूला, गुजराती दुसऱ्या, तमिळ मधे. २०१७ मध्ये मात्र एका ठरावावर सगळ्यांनी सह्या केल्या: मागच्या बाजूला भिंत. सहा फूट, वर काचा. कारण काय, तर "मागून कोणीही येतं."

कोणीही म्हणजे कोण? त्यांच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बायका मागूनच येत होत्या.

मी आणि साखू देसाईसाहेबांकडे गेलो. साखूनं सांगितलं, "बाळंतीण कोठून नेवाची?" साहेबांनी ऐकून घेतलं, आम्हाला सरबत दिलं आणि भिंतीत माणूस जाईल एवढी फट ठेवायचं कबूल केलं. फट राहिली. वर्षभर सगळे तिच्यातून येत-जात होते. २०१८च्या पावसाळ्यात कोणाची तरी सायकल चोरीला गेली आणि एका रविवारी ती फट विटांनी बुजवली. पाड्याला कोणी विचारलं नाही. मलाही कळवलं नाही. सायकल पुढे दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर सापडली म्हणे. फट उघडली नाही.

आठवडाभरानं दुपारी साखूचा फोन. "सिस्टर, बेगीन ये. जानकीचा पानी गेला. भितीपाशी आहू आमी."

जानकी साखूची सून. पहिलं बाळंतपण, तारखेच्या आधी दहा दिवस. ओहोळ दुथडी भरलेला, म्हणून ते झोळी घेऊन नेहमीच्या वाटेनं आले होते, कोणीतरी पलीकडून उघडेल या भरवशावर. मी अँब्युलन्सला फोन केला, बाळंतपणाची पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडून कॉम्प्लेक्सच्या गेटातून आत धावले. गणवेश होता म्हणून मला कोणी अडवलं नाही. मागच्या भिंतीपाशी पोचले तर पलीकडून जानकीचं ओरडणं ऐकू येतंय, साखूचा आवाज ऐकू येतोय, आणि मधे सहा फूट विटा.

मी ओरडले, "साखू, डोकं दिसतंय का?"

"दिसतंय. काळे केस दिसत."

"तिला जोर करू देऊ नकोस. मी येते."

कशी येणार होते देव जाणे. तेव्हा माझं वय सत्तावन्न, दोन्ही गुडघे गेलेले. तिसऱ्या इमारतीच्या कामावरचे गवंडी जेवून बसले होते. त्यांच्यातला रामभरोस, त्याची बायको फूलमती माझ्याकडे तपासणीला यायची. त्यानं काही विचारलं नाही. शिडी आणून लावली, काचांवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टाकल्या, आणि स्वतः वर बसून मला ओढलं. मी त्या गोण्यांवर पोटावर पडून पलीकडे घसरले. मांडीला काच लागली ती संध्याकाळी कळली.

मी खाली उतरले तेव्हा बाळ साखूच्या हातात होतं. मुलगा. निळसर, ढिला, अंगभर हिरवं पाणी.

"पोसा रडं नीही," साखू म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

आम्हाला शिकवतात की जन्मल्यावरचं पहिलं मिनिट महत्त्वाचं. त्या मिनिटात बाळानं श्वास घ्यावा, नाही घेतला तर नर्सनं द्यावा. माझं ते मिनिट शिडीवर गेलं. नंतर मी जे करायचं ते सगळं केलं. तोंड-नाक साफ केलं, मास्क लावला, फुगा दाबत राहिले. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. शेवटी मांजरीच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. साखूनं आपला पदर त्याच्याभोवती गुंडाळला.

आता दोघांना दवाखान्यात न्यायचं होतं आणि अँब्युलन्स भिंतीच्या त्या बाजूला. जानकीला रक्त जात होतं. तिला शिडीवरून नेणं शक्य नव्हतं. मी रामभरोसला हाक मारली. तोवर वरच्या गॅलरीतून देसाईसाहेबांचा आवाज, "अरे, क्या चल रहा है?" रामभरोस घण घेऊन उभा होता. त्यानं वर न बघताच सांगितलं, "हमहीं बनाए हैं, हमहीं तोड़ेंगे."

भिंत खरोखर त्याच्याच हातची होती. स्ट्रेचर जाईल एवढं भगदाड पाडायला त्याला फार वेळ लागला नाही. जानकी वाचली. बाळही वाचलं.

दुसऱ्या दिवशी रामभरोसला कामावरून काढलं. आठव्या महिन्यातली फूलमती, दोन पिशव्या आणि एक कुकर, असे ते दोघं माझ्या उपकेंद्राच्या पायरीवर बसून रिक्षाची वाट बघत होते. मी तिचं कार्ड भरून दिलं, पुढच्या तपासणीची तारीख लिहिली. ते कार्ड तिनं कुठं दाखवलं, कोणाला दाखवलं, तिचं काय झालं, मला आजवर कळलेलं नाही. तिसऱ्या दिवशी भिंत पुन्हा उभी. चौथ्या दिवशी आमच्या डॉक्टरांकडे माझ्याविरुद्ध पत्र: "आपल्या कर्मचाऱ्याच्या चिथावणीवरून सोसायटीच्या मालमत्तेचे नुकसान." त्या पत्रात जानकीचं नाव नव्हतं. बाळाचा उल्लेख नव्हता. विटांचा होता.

माझ्या रागानं आता काही करायचं ठरवलं. मी साखूला आणि पाड्यातल्या चार जाणत्यांना घेऊन तहसील कचेरीत गेले. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, एवढं मला माहीत होतं. अर्ज माझ्याच अक्षरात लिहिला. सुनावणी लागली. मला वाटलं होतं, यात काय सिद्ध करायचंय? पाडा आहे, माणसं आहेत, पायांनी मळलेली वाट आहे.

तहसीलदारबाई शांत स्वभावाच्या, थकलेल्या. टेबलावर फायलींचा ढीग. सोसायटीचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मुळात करंजपाडा नावाची वस्तीच नाही. कॉम्प्लेक्स झाल्यावर मजुरांनी आणि आसपासच्या लोकांनी मागे झोपड्या घातल्या. जी वस्ती कॉम्प्लेक्सच्या नंतरची, तिची वहिवाट कॉम्प्लेक्सच्या आधीची कशी असेल?"

पाड्यातले लोक एकमेकांकडे बघायला लागले. साखू हसली. तिला वाटलं माणूस थट्टा करतोय.

वकिलानं कागद पुढे केले. मतदार यादीत गाव आणि वॉर्ड, पाड्याचं नाव नाही. सातबाऱ्यावर वाडीमालक. आणि मग त्यानं शांतपणे तिसरा गठ्ठा काढला. माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या आमच्या आरोग्य खात्याच्या याद्या. २०१४ पासून २०१८ पर्यंतच्या. "सरकारी नर्सनं दरवर्षी घरोघर फिरून केलेली नोंद आहे, मॅडम. यात काय लिहिलंय बघा." तहसीलदारबाईंनी मोठ्यानं वाचलं. कॉम्प्लेक्समागील झोपड्या. पुढचं वर्ष. कॉम्प्लेक्समागील झोपड्या. पुढचं वर्ष. खाली माझी सही.

आता हे कसं झालं ते सांगते. पोलिओच्या दिवशी बाहेरून माणसं येतात, कॉलेजची मुलं, दुसऱ्या गावच्या अंगणवाडीताई. त्यांना पाडे माहीत नसतात. करंजपाडा म्हटलं तर ते मला दहा फोन करत. म्हणून मी २०१४ मध्ये, इमारतीचे नुसते खांब उभे होते तेव्हाच, मोहिमेच्या आराखड्यात लिहून टाकलं, 'कॉम्प्लेक्समागे'. सगळ्यांना लगेच सापडायला लागलं. मग सर्वेच्या वहीतही तेच लिहिलं, दोनदा लिहायचा कंटाळा म्हणून. पुढे आरोग्य केंद्रातल्या संगणकवाल्यानं 'मागे' म्हणजे काय, म्हणून स्वतःच्या मनानं 'झोपड्या' जोडल्या. छापील यादी माझ्यापुढे आली, मी आकडे तपासले, मुलं किती, गरोदर किती, आणि खाली सही केली. पाच वर्षं. माझ्या सगळ्या मुलांचे आकडे बरोबर होते. मी त्यांचं गाव तेवढं पुसलं होतं. टीकवूडच्या दारावरचा खडू पुसला म्हणून मी महिनाभर चिडत होते आणि स्वतः काय करत होते ते मला दिसलं नव्हतं.

साखू माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. तिला अजून कळत नव्हतं की कागदावर माझी सही कशी.

मी उठले. "मॅडम, ही नोंद चुकीची आहे. मी आळसानं केली. करंजपाडा माझ्या नोकरीच्या आधीपासून आहे. हा कॉम्प्लेक्स काल उगवला. त्याच्या मागे पाडा नाही, पाड्याच्या पुढ्यात हा येऊन बसलाय."

वकील म्हणाला, "म्हणजे सरकारी रेकॉर्ड खोटं आहे, असं तुम्ही शपथेवर सांगता?"

"चुकीचं आहे म्हणते."

"मग त्यातले लसीकरणाचे आकडेही चुकीचे असतील?"

ह्या एका प्रश्नाची मला भीती होती. निवृत्तीला काही महिने उरले होते. चौकशी लागली की पेन्शन लटकते, हे आमच्या खात्यातल्या शिपायालाही माहीत असतं. देसाईसाहेब माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होते. खरंच सहानुभूतीनं, त्याचाच मला जास्त संताप आला.

"आकडे बरोबर आहेत," मी म्हटलं. "पत्ता चुकीचा आहे. लिहून घ्या. माझी चूक म्हणून लिहून घ्या."

तहसीलदारबाईंनी लिहून घेतलं. मग साखूला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? साखू उठली. "तू एकदा येऊन नांग ना," ती म्हणाली. नांग म्हणजे बघ. "आमच्या सासऱ्याचा सासरा तठं पुरलाय. त्याला बिल्डिंग कोणची माहीत?"

बाहेर व्हरांड्यात मी तिची माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं. "तू आमाला सुई टोचाची तवा नाव घेऊन हाका माराचीस," ती म्हणाली. "मंग लिवताना काय झाला तुला?"  

मला कारणे दाखवा नोटीस आली, मी खरं ते लिहून दिलं, आणि ताकीद देऊन सोडलं. तहसीलदारबाई मात्र साखूनं बोलावल्याप्रमाणे येऊन पाहून गेल्या. कागदावर न दिसणारं सगळं त्यांना तिथं दिसलं असावं: जुनी विहीर, देवाचा दगड, म्हाताऱ्यांची थडगी. आदेश आमच्या बाजूनं झाला. चार फुटांची वाट मोकळी करावी, कुलूप लावू नये. मी तो कागद पाड्यात वाचून दाखवला. तिघी-चौघी नाचल्या. मी निवृत्त झाले ती त्या आनंदात.

साखूचा नातू आता आठ महिन्यांचा झाला होता आणि मान धरत नव्हता. आठ महिन्यांचं मूल बसायला लागतं. हा नुसता छताकडे बघायचा आणि आवाज दिला की उशिरा हसायचा. डॉक्टर म्हणाले, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. हे वाक्य मी नोकरीत कितीतरी आयांना समजावून सांगितलं असेल. साखूलाही मी त्याच शब्दांत सांगायला लागले. तिनंच मला थांबवलं. म्हणाली, "मना माहीत आहे. मी तठंच होती." डहाणूच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा व्यायाम शिकवत, तिथं त्याला न्यायचं ठरलं. मी निवृत्त असले तरी सोबत जाणार होते.

२०१९चा उन्हाळा होता. साखूला घ्यायला मी कॉम्प्लेक्सच्या मागच्या नव्या गेटापाशी गेले. आदेशाप्रमाणे गेटाला कुलूप नव्हतं. गेटाशेजारी पत्र्याची चौकी, चौकीत टेबल, टेबलावर दोरीनं बांधलेलं पेन आणि एक जाड वही. वहीवर लिहिलेलं होतं 'व्हिजिटर्स'. कमिटीनं आदेश अक्षरशः पाळला होता. वाट मोकळी होती, फक्त येणाऱ्यानं नोंद करायची. नाव, कुठून आले, कोणाकडे, आत आल्याची वेळ.

साखू पाड्याकडून आली, नातू खांद्यावर, त्याची मान तिनं तळहातानं धरलेली. नवा वॉचमन ओडिशाचा, येऊन आठ दिवस झालेले. साधा माणूस, पोटासाठी आलेला. त्यानं तिला अदबीनं विचारलं, "कहाँ से आए हो?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात साखू म्हणाली, "थांब." मग वही माझ्याकडे सरकवली. "माजे हात मोकळे नीही. तू लिव. आमचा तूच लिवतस ना."

मी लिहिलं. साखू. करंजपाडा. 'कोणाकडे' हा रकाना रिकामा सोडला. वॉचमननं वाकून वाचलं. त्याला तेवढं वाचता येत होतं. "ये करंजपाडा कहाँ पड़ता है?"

साखूनं नातवाची मान नीट धरली, एक पाऊल पुढे टाकून गेटाच्या आत उभी राहिली आणि त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. "तू उबा आहेस ना, तठं."

त्याला मराठी कळत नव्हतं. त्यानं मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि शेवटच्या रकान्यात तिची आत आल्याची वेळ लिहिली.